वाहत्या तापीत ट्रोलिंग: डिसेंबर ते ऑक्टोबर माझं काय काय चुकलं

आधी सांगून टाकतो, ट्रोलिंग म्हणजे ते फेसबुकवरचं नाही. आमच्या घरात पोरगं अजून त्यावरून हसतं, पप्पा कोणाला ट्रोल करायला चालले म्हणून. चालत्या नावेच्या मागे वीस-पंचवीस मीटर दोरीवर खोटा मासा (लूर) ओढत न्यायचा, तो पाण्यात वळवळत येतो आणि मोठा शिकारी मासा त्यावर झेप घेतो, एवढंच ते. समुद्रावर पुष्कळ लोक करतात. तापीवर करणारे मला तरी भेटले नाही, म्हणून जे काय शिकलो ते पडत झडत शिकलो आणि आता लिहून ठेवतोय, कारण मी सुरुवात केली तेव्हा मराठीत शोधून शोधून थकलो होतो.

मी शिरपूरचा, इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मासे धरायचा नाद लहानपणापासून, पण काठावरून, गळ टाकून बसायचं एवढाच. नावेतून ट्रोलिंग करायचं डोक्यात शिरलं ते मागच्या वर्षी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून.

पहिली अडचण परवानगी. माझा समज असा की नदी सरकारची, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. २ डिसेंबरला अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं की बॅरेजच्या (नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्याच्या) पाण्यात मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय गळ पण टाकू नका. चूक माझीच, आधी गावात कोणाला तरी विचारायला पाहिजे होतं. मग सोसायटी. तिथं सकाळी सातला मासळीचं वजन होतं तेवढाच वेळ माणसं असतात, मी दोनदा दुपारी गेलो आणि कुलूप बघून आलो, तिसऱ्यांदा गेलो तर सेक्रेटरी लग्नाला गेलेले. शेवटी सकाळी साडेसहाला जाऊन बसलो.

कागद फार नव्हते, साध्या कागदावर अर्ज, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र की बुडालो तर माझी जबाबदारी, जाळं तोडलं तर भरपाई देईन, आणि पकडलेला मासा सोसायटीच्या काट्यावर मोजून घेईन. स्टॅम्पचं सांगतो, शंभरचा आता चालत नाही, पाचशेचाच लागतो, मी शंभर घेऊन गेलेलो. ५०० स्टॅम्प, २०० नोटरी, १५०० सोसायटीची ३१ मार्चपर्यंतची फी, रीतसर पावती. २६ डिसेंबरला कागद हातात आला, म्हणजे चोवीस दिवस. त्यातले निदान पंधरा माझ्या येडेपणाचे.

सोसायटीनेच एक अट घातली की त्यांच्यातला माणूस सोबत पाहिजे. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो कारण त्यामुळे मला नाना भेटले. नाना भोई समाजातले, साठीच्या पुढचे, पत्र्याची नाव, आयुष्य तापीवर गेलेलं. दिवसाचे ७०० रुपये ठरले, भाकरी-ठेचा ते घरून आणणार आणि बदल्यात चहा माझा. खोटा प्लास्टिकचा मासा बघून म्हणले, "हाऊ मासा खोटा शे, त्याले कोन खाई?" मी म्हणलं नाना बघा तर खरं.

खर्च सांगतो म्हणजे कोणी आंधळेपणाने उडी मारणार नाही. सेकंडहॅण्ड इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, ५५ पाऊंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायचा जोर), १६,५०० ला. बारा व्होल्ट १०० एएच (ॲम्पिअर-तास) बॅटरी ९,८००, ती पण डीलर भावात, तुम्हाला जास्त लागेल. लाईफ जॅकेट दोन, २,२००. नाना घालायला तयार नव्हते, मी म्हणलं तुम्ही नाही घातलं तर मी नाव सोडत नाही. रॉड (गळाची काठी) अडकवायचे होल्डर मी जीआय पाईप कापून घरीच केले. लूर साधारण ३५० ला एक आणि आजपर्यंत चार तापीत वाहिल्यात, बाभळीच्या बुडालेल्या खोडांना.

मोटरला पुढे जायचे पाच स्पीड असतात, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डायल. व्हिडिओत सगळे नॉटमध्ये बोलतात, दोन नॉट ठेवा, अडीच ठेवा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे दोन नॉट धरले तर ताशी ३.७ च्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत बॅरेजचे दरवाजे बंद असतात, पाणी तळ्यासारखं उभं. मोबाईलवर जीपीएसचं स्पीडचं ॲप लावलं, डायल ३ वर बरोब्बर ताशी ३.८ किलोमीटर यायचं. लूर मस्त वळवळायची, रॉडचं टोक सारखं थरथरत राहायचं. जानेवारीत दोन शिंगाळे मिळाले, एक सव्वा किलोचा, एक जरा मोठा. मिशावाला मासा, पाठीवर आणि बाजूच्या परांना काटा, हाताळताना सांभाळून. घरी काळा मसाला टाकून केला. आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आकडा ३.८, बास. इथंच घात झाला.

उन्हाळ्यात पाणी आटलं, पावसाळ्यात नदीवर जायचा प्रश्नच नाही. जून ते सप्टेंबर नानांची नाव काठावर उलटी पडलेली. आमच्याकडे तेव्हा व्हॉट्सॲपवर रोज तापीवरच्या हतनूर धरणाच्या बातम्या फिरतात, एक्केचाळीस दरवाजांपैकी किती उघडले आणि किती क्युसेक विसर्ग, नदीकाठी राहणारा माणूस पावसापेक्षा ते आधी बघतो. ऑक्टोबरात पाणी उतरलं, नाना म्हणले आता जाता येईल, पण अजून धार आहे, बॅरेजच्या बाजूला जायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी पण तुम्हाला दोनदा सांगतो, दरवाजे थोडे जरी उघडे असले तरी बॅरेजच्या अंगाला नाव न्यायची नाही, मोटर बंद पडली तर पाणी तुम्हाला ओढत कुठं नेईल ते बघायला तुम्ही राहणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. नवीन फी भरलेली, बॅटरी फुल. मुडावदच्या अंगाला गेलो, जिथं पांझरा तापीला मिळते, कपिलेश्वराचं मंदिर आहे तिथं. ॲप लावलं, धारेच्या उलट नाव काढली, डायल ३. आकडा आला २.४. म्हणलं कमी पडतंय, डायल वाढवत वाढवत ५ वर नेला तेव्हा कुठं ३.८ झाला. समाधान वाटलं. रॉडचं टोक मात्र विचित्र हलत होतं, थरथर नाही, मधेच जोरात वाकायचं आणि मधेच एकदम ढिलं. ओढून बघितलं तर लूर आडवी होऊन गरगर फिरत वर आलेली, दोरीला पीळ पडलेला. लूर बदलली, तेच. परत येताना धारेसोबत, आता आकडा पाचच्या वर चढायला लागला, मी डायल कमी करत १ वर आणला, आकडा ३.८. आणि या वेळी टोक मेल्यासारखं. काहीच नाही. वाटलं कचरा अडकला, ओढून बघितलं तर लूर स्वच्छ, पण काठीसारखी सरळ येतेय.

दिवसभर हेच. वर जाताना ५, खाली येताना १, सारखी डायलशी झटापट. नाना शेवटी वैतागले, "त्या मोटरना कान कितला पिळस!" त्यांचं म्हणणं अमावस्या-पौर्णिमा बघून यायला पाहिजे, आणि लूरचा लाल रंग वाईट. (दोन्ही मला पटलं नाही, अजून पटत नाही, नंतर लाल लूरवरच मासा लागला.) दुपारी दोनलाच बॅटरी बसली, हिवाळ्यात ती पाच-साडेपाच तास सहज चालायची. नानांनी वल्हं मारत नाव काठाला आणली आणि मी गप्प. मासा शून्य, ७०० रुपये, वर गाडीचं डिझेल. घरी येऊन बायकोला म्हणलं विकून टाकतो सगळं. ती म्हणली टाका.

पण माझं डोकं बॅटरीत अडकलं. दुकानदार माणूस मी, बॅटरी अशी अर्ध्यात का बसली याचं उत्तर मला पाहिजे होतं. पुढच्या रविवारी १२ तारखेला दुकानातला डीसी क्लॅम्प मीटर सोबत घेतला. साधा क्लॅम्प चालत नाही बरं का, तो एसीच मोजतो, डीसीवाला घ्यावा लागतो. वायरीला लावून बघितलं, डायल ५ वर ४६ ॲम्पिअर, ३ वर २२. म्हणजे बॅटरी का बसली ते कळलं, अर्धा वेळ मी फुल्लवर पळवत होतो. मग सहज चाळा म्हणून डायल ३ ठेवूनच वर गेलो आणि तसाच खाली आलो. वर जाताना २२. खाली येताना २२. जीपीएस वर जाताना २.४ दाखवतोय आणि खाली येताना ५.२, दुपटीच्या वर फरक, आणि मोटर मात्र दोन्हीकडे तेवढाच करंट खातेय.

मी मीटरकडे बघतच राहिलो. मोटरला काठ दिसत नाही ना. तिचा पंखा पाण्यात आहे, तिला पाणी किती कापायचंय तेवढंच कळतं. आणि लूरला पण काठ दिसत नाही. जीपीएसला मात्र पाणी दिसत नाही, त्याला फक्त जमीन, मी काठावरच्या मंदिरापासून किती सरकलो ते तो सांगतोय.

मोटर बंद करून नाव सोडून दिली, वारा नव्हता त्या सकाळी. आकडा १.४ वर येऊन थांबला. ही धार. मग भाकरीच्या कागदावर हिशोब मांडला. धारेच्या उलट जाताना पाण्यातला वेग म्हणजे जीपीएस अधिक धार, धारेसोबत जाताना जीपीएस वजा धार. डायल ३ वर, उलट २.४ अधिक १.४ म्हणजे ३.८. सोबत ५.२ वजा १.४ म्हणजे ३.८. दोन्हीकडे तोच, हिवाळ्यातलाच. आणि गेल्या रविवारी मी काय करत होतो? वर जाताना जीपीएसवर ३.८ आणायला जाऊन लूरला ५.२ ने फरफटत होतो म्हणून ती आडवी पडून फिरत होती, आणि खाली येताना २.४ ने, त्यात तिच्या ओठाला पाणीच भरत नव्हतं म्हणून मेल्यासारखी. (पुढे ती प्लास्टिकची पट्टी असते तो ओठ, त्याच्यावर पाण्याचा दाब आला की लूर खाली जाते आणि वळवळते, पण प्रत्येक लूरची एक मर्यादा असते, त्याच्या वर गेली की तोल जातो.)

नानांना सांगितलं. ते म्हणले मग मी वल्हं मारतो तेव्हा एकाच तालात मारतो ना, वर काय नि खाली काय. बरोबर होतं त्यांचं, पण मग ५ तारखेला बोलले का नाही! तर म्हणे मोटरचं मला काय माहीत, तुझं मशीन.

धार मोजायच्या वेळी वारा असला तर मोटर बंद करून सोडलेली नाव फसवते, कारण नावेला वारा पण ढकलतो. त्यासाठी नंतर एक जुगाड केलं. पाण्याची एक लिटरची बाटली जवळपास पूर्ण भरायची, फक्त बूच वर दिसेल एवढी, तिला वाऱ्याची पकड बसत नाही. नाव दगडाच्या लंगराने उभी करायची, बाटलीला दहा मीटर दोरी, सोडायची आणि घड्याळ लावायचं. दहा मीटरला २६ सेकंद लागले तर धार साधारण १.४. सेकंदांनी ३६ ला भागायचं, आकडा ताशी किलोमीटरमध्ये येतो, दोरी दहा मीटरचीच पाहिजे.

त्या १२ तारखेला मासा लागला नाही पण एक फटका बसला (मासा लूरला धडकून सुटला), आणि तो नाव वळवताना. ते पण नंतर समजलं. नाव वळते तेव्हा आतल्या बाजूची लूर हळू होते, बाहेरची पळते. फटका आतल्या रॉडला बसला, म्हणजे त्या दिवशी त्यांना जरा हळू पाहिजे होतं. सरळ रेषेत जाण्यापेक्षा नागमोडी गेलं की असा फुकटात अंदाज मिळतो, कोणत्या रॉडला लागतंय ते बघायचं आणि डायल एक घर कमी-जास्त करायचा.

१९ तारखेला जमलं नाही, दिवाळी तोंडावर, आमचा धंदा तोरणांचा, दुकानातून मान वर करायला वेळ नव्हता. २६ ला गेलो. धार कमी झालेली, बाटलीने ०.९ दाखवली.

आता यात अजून एक गोची आहे जी मला त्या दिवशी कळली, आणि हे जरा सावकाश वाचा. वरचा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा नाव आणि लूर एकाच धारेत आहेत. पण नदीत वरचं पाणी पळतं आणि तळाजवळचं घासून हळू चालतं. माझी लूर अडीच-तीन मीटर खाली जाते. वर ०.९ असताना खाली समजा ०.५ असेल. मग डायल ३ ठेवून वर जाताना नाव जमिनीवर २.९ ने सरकते, लूर पण नावेला बांधलेली म्हणून तेवढ्यानेच, पण तिच्या आजूबाजूचं पाणी ०.५ ने समोरून येतंय म्हणजे तिला लागतो ३.४. खाली येताना नाव ४.७, लूरला ४.२. म्हणजे डायल तोच, ॲम्पिअर तेच, तरी वर जाताना लूर थोडी हळू आणि खाली येताना थोडी जोरात. खालची धार मोजायला माझ्याकडे काही नाही, तो ०.५ आपला धरलेला आकडा. म्हणून शेवटी बघायचं रॉडचं टोक. बारीक सारखी थरथर म्हणजे लूर चालतेय. झटके आणि ढिलाई म्हणजे जास्त झालं. शांत म्हणजे कमी झालं किंवा कचरा. नवीन लूर असली तर आधी नावेच्या बाजूलाच दोन मीटर दोरीवर सोडून बघून घ्यायची, कोणत्या डायलला टोक कसं हलतं ते हाताला कळतं, मग पाणी गढूळ असलं तरी अडत नाही.

संगमावर तर वेगळाच खेळ. पांझऱ्याचं पाणी आडवं घुसतं, दोन रंगांची रेघ दिसते पाण्यात, एकीकडे मातकट आणि एकीकडे हिरवट. दुकानात बसल्यासारखे मासे त्या रेघेच्या संथ बाजूला बसतात आणि वाहून येणारं खातात. ती रेघ आडवी कापायला गेलो तर नाव तिरकी चालते, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, आणि मागच्या दोन दोऱ्या एकमेकीत गुंतल्या, अर्धा तास त्यातच गेला, नाना चिलीम भरून बसले. तिथं एकच रॉड लावायचा आणि रेघेच्या कडेकडेने, शक्यतो धारेच्या उलट जायचं. उलट जाण्याचा फायदा असा की लूर नीट चालत असते पण नाव जमिनीवर हळू सरकते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वेळ लूर फिरते.

साडेदहाच्या सुमाराला त्याच कडेला रॉड वाकला. मला आधी खोड वाटलं, मग खोड पळायला लागलं. मोटर बंद करायची आठवण नानांनी केली, मी विसरलेलोच, वाहत्या पाण्यात मासा ओढताना नाव पण चालू ठेवली तर दोरी जाते. पाच-सात मिनिटांनी वर आला, शिंगाळा, सोसायटीच्या काट्यावर दोन किलो तीनशे. लाल लूर. नाना काही बोलले नाहीत, फक्त लूर हातात घेऊन उलटी-पालटी करून बघितली.

नोव्हेंबरात दरवाजे बंद झाले, पाणी उभं राहिलं आणि जीपीएस आणि डायल परत एकमेकांशी जुळले. डायलवर ३ च्या आकड्याला मी पिवळी इन्सुलेशन टेप लावून ठेवली आहे. ॲप आता मोटर बंद करून धार मोजायच्या वेळीच उघडतो.

कोणाला यायचं असेल तर सोसायटीकडे सकाळी सातच्या आधी जा, पाचशेचा स्टॅम्प आधीच करून घ्या, जाळी कुठं लावलीत ते नावाड्याला विचारा, थर्माकोलचे तुकडे एका ओळीत तरंगताना दिसले की लांबून वळा. फी ३१ मार्चला संपते, म्हणून जानेवारीच्या पुढे नवीन कागद करण्यात मला काही अर्थ वाटत नाही, एप्रिलला करा, दिवस तेवढेच लागतील.